७५० डॉलर, २४ बाजू : काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदाचा आणि त्याच्या तबकड्यांचा इतिहास

१/२८
१९३६ साली अमेरिकेतील कॅन्सस सिटीमध्ये एका पियानोवादकाने एका करारावर सही केली. डेक्का कंपनीसाठी तबकड्यांच्या २४ बाजू ध्वनिमुद्रित करायच्या आणि त्याबद्दल ७५० डॉलर घ्यायचे, असा तो करार होता. त्यात रॉयल्टीची तरतूद नव्हती. हिशेब केला तर एका बाजूला ३१ डॉलर २५ सेंट पडतात, आणि तेही साऱ्या वाद्यवृंदात मिळून. त्या करारातून निघालेल्या काही बाजू आज विसाव्या शतकातील श्रेष्ठ संगीतात गणल्या जातात.

२/२८
प्रथम 'बाजू' म्हणजे काय ते पाहू. मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी लाखेपासून बनत असे. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावे. त्यामुळे कंपन्या आपला माल गाण्यांच्या नव्हे, बाजूंच्या हिशेबाने मोजत. नृत्यगृहात वीस मिनिटे रंगणारी रचना या मापात बसवावी लागे. स्विंग संगीताचा जो इतिहास आपल्या हाती आला आहे, त्याच्यावर या तीन मिनिटांचा ठसा आहे.

३/२८
स्विंग युग म्हणजे ढोबळमानाने १९३५ ते १९४५ हे दशक. महामंदीतून सावरणारी अमेरिकन तरुणाई या काळात जॅझच्या तालावर नाचत होती. बारा ते सोळा वादकांचा 'बिग बँड' हे या युगाचे प्रमुख रूप. त्यात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचे तीन ताफे आणि लय सांभाळणारा चौथा विभाग असे. ड्यूक एलिंग्टन, बेनी गुडमन, चिक वेब ही त्या काळची गाजलेली नावे.

४/२८
विल्यम जेम्स बेसी यांचा जन्म २१ ऑगस्ट १९०४ रोजी न्यू जर्सीतील रेड बँक या गावी झाला. आई लोकांचे कपडे धुऊन देत असे. पियानोचे पहिले धडे तिनेच दिले. मुलाला मात्र ड्रमची ओढ होती. त्याच परिसरात सनी ग्रीअर नावाचा अधिक सरस ड्रमवादक होता. त्याच्यापुढे आपला निभाव लागणार नाही हे ओळखून बेसी पियानोकडे वळले. पुढे ग्रीअर एलिंग्टन यांचे ड्रमवादक झाले.

५/२८
तरुण बेसी न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीत आले. तेथील लिंकन थिएटरात फॅट्स वॉलर मूकपटांना ऑर्गनची साथ करीत. त्यांच्याजवळ बसून बेसी शिकले. मग फिरत्या मंडळ्यांबरोबर वादन सुरू झाले. १९२७ मध्ये अशीच एक मंडळी कॅन्सस सिटीत मोडली आणि बेसी परक्या गावात अडकून पडले. पोटासाठी त्यांनी चित्रपटगृहात पियानो वाजवला. या अपघाताने पुढच्या साऱ्या इतिहासाला वळण दिले.

६/२८
कॅन्सस सिटीवर तेव्हा टॉम पेंडरगास्ट या राजकीय पुढाऱ्याची सत्ता चाले. देशभर दारूबंदी होती. या शहरात तिची अंमलबजावणी नावापुरतीच. रात्रभर उघडी राहणारी मद्यगृहे, जुगाराचे अड्डे आणि त्यांच्यासोबत संगीत. महामंदीत अन्यत्र वादक बेकार होत असताना येथे त्यांना काम मिळत होते. भ्रष्टाचाराच्या छायेत एक कला वाढली, ही इतिहासातील अवघड पण खरी गोष्ट आहे. १९३९ मध्ये करचुकवेगिरीबद्दल पेंडरगास्ट तुरुंगात गेले आणि तो काळ संपला.

७/२८
१९२८ मध्ये बेसी वॉल्टर पेज यांच्या 'ब्लू डेव्हिल्स' या वाद्यवृंदात सामील झाले. पुढच्याच वर्षी ते बेनी मोटन यांच्या वाद्यवृंदात गेले. हळूहळू पेज, गायक जिमी रशिंग आणि इतरही तेथे आले. १३ डिसेंबर १९३२ रोजी या मंडळींनी न्यू जर्सीतील कॅम्डन येथे व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले. 'मोटन स्विंग' ही रचना त्याच दिवसाची. येऊ घातलेल्या युगाची चाहूल तिच्यात स्पष्ट ऐकू येते.

८/२८
एप्रिल १९३५ मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेत मोटन यांचा मृत्यू झाला. बेसी यांनी काही जुने सहकारी आणि काही नवे वादक जमवून रेनो क्लबमध्ये नऊ जणांचा ताफा उभा केला. क्लब लहान, पगार तुटपुंजा, आणि गोऱ्या व कृष्णवर्णीय श्रोत्यांची बसण्याची जागा वेगळी. पण येथे रात्रीमागून रात्री सलग वाजवण्याची संधी होती. वाद्यवृंदाचा एकजीवपणा त्यातूनच घडला.

९/२८
या ताफ्याजवळ लिखित स्वरलिपी फारशी नव्हती. कोणी एक छोटी सुरावट उचले, शेजारचा ती उचलून धरी, मग सारा विभाग ती पुनःपुन्हा वाजवी. या आवर्ती सुरावटीला 'रिफ' म्हणतात. भजनात टाळकरी ध्रुवपद लावून धरतात आणि त्यावर गायक मोकळा सुटतो, तसे या रिफवर एकल वादक आपले मनोधर्म मांडत. जमलेली रचना कागदावर न उतरता साऱ्यांच्या स्मरणात राही.

१०/२८
रेनो क्लबमधील वादन एका लहानशा प्रायोगिक रेडिओ केंद्रावरून प्रसारित होत असे. १९३६ च्या आरंभी जॉन हॅमंड हे श्रीमंत घराण्यातील तरुण संगीतसमीक्षक शिकागोत होते. बेनी गुडमन यांचे वादन ऐकून ते बाहेर उभ्या केलेल्या आपल्या मोटारीत आले, रेडिओची कळ फिरवली आणि शेकडो मैलांवरचे कॅन्सस सिटी त्यांना ऐकू आले. त्यांनी या वाद्यवृंदाविषयी नियतकालिकात लिहिले आणि स्वतः तेथे जाऊन पोहोचले.

११/२८
हॅमंड यांचा लेख इतरांनीही वाचला होता. डेक्का कंपनीचे डेव्ह कॅप त्यांच्या आधी कॅन्सस सिटीत दाखल झाले. हे हॅमंड यांच्याच बाजूचे गृहस्थ असावेत असा बेसी यांचा समज झाला, असे सांगतात. ७५० डॉलर ही रक्कम रेनो क्लबच्या कमाईपुढे मोठी वाटली. कायदेशीर सल्ला देणारे कोणी जवळ नव्हते. सही झाली. एका शिफारसीने वाद्यवृंदाला प्रसिद्धीचा मार्ग दाखवला आणि त्याच शिफारसीने त्याला स्वस्तात विकले.

१२/२८
करार पाहून हॅमंड हतबुद्ध झाले. वादकांच्या संघटनेने ठरवलेल्या किमान दरापेक्षाही हा मोबदला कमी होता. त्यांनी संघटनेकडे दाद मागितली आणि दर किमान पातळीवर आणला गेला. रॉयल्टीचे कलम मात्र कोणालाही घालता आले नाही. तबकडी शंभर खपो वा लाख, वादकांच्या पदरी त्या दिवसाच्या मजुरीखेरीज काही पडणार नव्हते. त्या काळी अनेक कृष्णवर्णीय कलावंतांची हीच स्थिती होती.

१३/२८
हॅमंड यांनी एक पळवाट शोधली. १९३६ च्या अखेरीस त्यांनी शिकागोतील एका चिंचोळ्या स्टुडिओत पाच वादक आणि जिमी रशिंग यांना नेले. बेसी यांचे नाव वापरणे शक्य नव्हते. म्हणून ट्रम्पेटवादक कार्ल स्मिथ आणि ड्रमवादक जो जोन्स यांच्या आडनावांवरून 'जोन्स-स्मिथ इन्कॉर्पोरेटेड' हे नाव तबकडीवर छापले गेले. जागा इतकी अपुरी की जोन्स यांना मोठा बास ड्रम बाजूला ठेवावा लागला. तेथे चार बाजू ध्वनिमुद्रित झाल्या.

१४/२८
या चार बाजूंमुळे टेनर सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग प्रथमच तबकडीवर आले. वय २७ वर्षे. तोवर या वाद्यावर कोलमन हॉकिन्स यांच्या भरदार, जड नादाचे राज्य होते. यंग यांचा नाद हलका, लांबवर तरंगणारा. वाक्ये ठेक्याच्या चौकटी ओलांडून जाणारी. 'शू शाइन बॉय' आणि 'लेडी बी गुड' या बाजूंवरील त्यांचे एकल वादन तरुण वादकांनी सुरासुराने पाठ केले. आधुनिक जॅझची एक वाट येथून निघते.

१५/२८
मोठ्या सभागृहांसाठी ताफा वाढवला गेला. ट्रम्पेटवादक बक क्लेटन नुकतेच शांघायमधील दोन वर्षांचे वास्तव्य संपवून परतले होते, तेही आले. पण शिकागोच्या ग्रँड टेरेसमध्ये पहिली फजिती झाली. तेथील कार्यक्रमाला लिखित संगीत लागे आणि तेच यांच्याजवळ नव्हते. अशा वेळी ज्येष्ठ वाद्यवृंदप्रमुख फ्लेचर हेंडरसन यांनी आपल्या रचनांची बाडे त्यांना वापरायला दिली. न्यू यॉर्कमध्येही आरंभी समीक्षकांनी बेसुरेपणाचा ठपका ठेवला.

१६/२८
२१ जानेवारी १९३७ रोजी डेक्कासाठी पहिले ध्वनिमुद्रण झाले. 'हनिसकल रोज', 'पेनीज फ्रॉम हेवन', 'स्विंगिंग अॅट द डेझी चेन' आणि 'रोझलँड शफल' या त्या चार बाजू. दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, गिटारवादक फ्रेडी ग्रीन आले. बेसी, ग्रीन, वॉल्टर पेज आणि जो जोन्स हा लयविभाग पूर्ण झाला. ग्रीन पुढे जवळजवळ अखंडपणे पन्नास वर्षे, १९८७ मधील मृत्यूपर्यंत, याच वाद्यवृंदात राहिले.

१७/२८
या चौघांनी काय बदलले? पूर्वी ड्रमवादक पायातील जड बास ड्रमवर ठेका ठोकत असे. जोन्स यांनी तो भार हाय-हॅट या जोडझांजेवर नेला. ठेका आदळण्याऐवजी वाहू लागला. पेज यांचा बास चारही मात्रांवर समान पावलांनी चालला. ग्रीन यांची गिटार कानांपेक्षा अंगाला अधिक जाणवे. बाकीचे भक्कम असल्यामुळे बेसी यांना पियानोवर मोजकेच सूर टाकता आले. त्यांच्या वादनात मौनालाही जागा मिळाली.

१८/२८
७ जुलै १९३७ रोजी 'वन ओ'क्लॉक जम्प' ध्वनिमुद्रित झाले. बारा मापांच्या ब्लूजची ही एकामागून एक आवर्तने. आरंभी पियानो, मग मूळ स्वर बदलून हर्शल एव्हन्स यांचा सॅक्सोफोन, जॉर्ज हंट यांचा ट्रॉम्बोन, लेस्टर यंग, बक क्लेटन, पुन्हा लयविभाग, आणि शेवटी तिन्ही ताफ्यांचे रिफ एकमेकांवर रचत नेलेला कळस. तीन मिनिटांत रेनो क्लबची एक अख्खी रात्र दाटून भरलेली.

१९/२८
रचनेचे मूळ नाव रेडिओवर उच्चारण्याजोगे नव्हते. निवेदक अडखळला, घड्याळात एक वाजत आला होता, त्यावरून नवे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. तिच्यातील एक प्रमुख सुरावट डॉन रेडमन यांच्या जुन्या रचनेतून आलेली. तिला आकार देण्यात बस्टर स्मिथ आणि एडी डरहॅम यांचाही वाटा होता. तबकडीवर मात्र रचनाकार म्हणून एकच नाव छापले गेले : बेसी. सामूहिक स्मरणातून घडलेले संगीत कागदावर आले की असे प्रश्न उभे राहतात. डेक्काने बेसींना जसे कमी दिले, तसे स्मिथ यांच्याही वाट्याला श्रेय आले नाही.

२०/२८
इतिहासातील एक मोठी पोकळी येथेच आहे. मार्च १९३७ पासून जवळपास एक वर्ष बिली हॉलिडे या वाद्यवृंदाच्या गायिका होत्या. पण त्यांचा करार दुसऱ्या कंपनीशी होता. त्यामुळे स्टुडिओत दोघांची एकही बाजू निघाली नाही. रेडिओ प्रसारणातून टिपलेली केवळ तीन गाणी उरली. त्या दौऱ्यांचा अपमानही हॉलिडे यांनी आत्मचरित्रात नोंदवला आहे : डेट्रॉइटमध्ये, कृष्णवर्णीय वादकांत त्या 'फार गोऱ्या' दिसतील म्हणून त्यांना चेहऱ्याला काळा रंग फासायला लावले गेले.

२१/२८
१६ जानेवारी १९३८ ही तारीख लक्षात ठेवण्याजोगी. त्या संध्याकाळी बेनी गुडमन यांनी न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जॅझची ऐतिहासिक मैफल केली. त्यात बेसी, यंग, क्लेटन, ग्रीन आणि पेज पाहुणे म्हणून वाजले. गुडमन यांच्या वाद्यवृंदाने 'वन ओ'क्लॉक जम्प'ही सादर केले. त्याच रात्री हार्लेमच्या सॅव्हॉय नृत्यगृहात चिक वेब आणि बेसी यांच्या वाद्यवृंदांचा सामना रंगला. एका रात्रीत प्रतिष्ठेचे सभागृह आणि नर्तकांची गर्दी, दोन्ही.

२२/२८
१९३८ च्या उन्हाळ्यात ५२ व्या रस्त्यावरील 'फेमस डोअर' या चिंचोळ्या क्लबमध्ये मुक्काम पडला. हॅमंड यांच्या आठवणीनुसार, क्लबला वातानुकूलनासाठी कर्ज मिळवून देताना एक अट घातली गेली : कृष्णवर्णीय श्रोत्यांनाही प्रवेश. येथून होणाऱ्या सीबीएस प्रसारणांनी बेसी यांचे नाव देशभर नेले. २२ ऑगस्टला 'जम्पिंग अॅट द वुडसाइड' ध्वनिमुद्रित झाले. वुडसाइड हे हार्लेममधील हॉटेल. वाद्यवृंद तेथेच उतरत असे.

२३/२८
या यशाचा कणा होता दोन टेनर सॅक्सोफोनांचा. एकीकडे यंग यांचा तरल सूर, दुसरीकडे टेक्ससच्या हर्शल एव्हन्स यांचा गडद, भावाकुल सूर. बेसी या दोघांना समोरासमोर उभे करीत आणि श्रोत्यांत दोन तट पडत. जून १९३८ चे 'ब्लू अँड सेंटिमेंटल' हे एव्हन्स यांचे शिखर. ९ फेब्रुवारी १९३९ रोजी, वयाची तिशी गाठण्याआधीच, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. डेक्काचा करारही त्याच सुमारास संपला.

२४/२८
आता हॅमंड ज्या कंपनीत होते, त्या कोलंबियाकडे बेसी गेले. मार्च १९३९ मध्ये 'टॅक्सी वॉर डान्स' आणि सप्टेंबरमध्ये सात वादकांच्या छोट्या ताफ्याने केलेले 'लेस्टर लीप्स इन' हे या पर्वाचे मानबिंदू. पण हे संगीत त्या रूपात फार काळ टिकले नाही. डिसेंबर १९४० मध्ये यंग वाद्यवृंद सोडून गेले.

२५/२८
१ ऑगस्ट १९४२ पासून जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. रेडिओ आणि ज्यूकबॉक्स एकच तबकडी हजारदा वाजवतात, वादकाला त्यातले काही मिळत नाही, हे कारण. १९३६ चा बेसी करार ज्या अन्यायाचा नमुना होता, त्यावरच हे बोट होते. त्याच वर्षी युद्धामुळे लाखेच्या वापरावर अमेरिकेत निर्बंध आले. ही लाख प्रामुख्याने भारतातून, छोटा नागपूरच्या जंगलांतून जात असे.

२६/२८
बहिष्काराची किंमत इतिहासालाही मोजावी लागली. डिसेंबर १९४३ मध्ये यंग परतले. पण कोलंबियाचा स्टुडिओ बंद होता. ते पर्व आज सैनिकांसाठी काढलेल्या 'व्ही-डिस्क' तबकड्यांत आणि प्रसारणांतच सापडते. १९४४ च्या शरद ऋतूत यंग आणि जो जोन्स यांना सैन्यात भरती करण्यात आले. अमली पदार्थ बाळगल्यावरून यंग यांच्यावर लष्करी खटला चालला. त्यांना वर्षभराच्या कैदेची शिक्षा झाली. कोलंबियाशी तडजोड होऊन वाद्यवृंद डिसेंबरात स्टुडिओत परतला, तेव्हा ते दोघे तेथे नव्हते.

२७/२८
युद्धानंतर मोठे ताफे पोसणे परवडेनासे झाले. १९५० मध्ये बेसी यांनाही वाद्यवृंद मोडावा लागला. १९५२ मध्ये त्यांनी तो नव्याने उभारला. आता लिखित रचनांचा, शिस्तबद्ध आणि प्रचंड यशस्वी. २६ एप्रिल १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. २०१० मध्ये हार्लेमच्या जॅझ संग्रहालयाने ध्वनितंत्रज्ञ बिल सॅव्हरी यांनी तिशीच्या दशकात रेडिओवरून टिपलेल्या सुमारे हजार तबकड्या मिळवल्या. मोठ्या तबकड्यांमुळे त्यांत तीन मिनिटांची मर्यादा नाही. फेमस डोअरमधील बेसी आणि यंग तेथे मोकळेपणाने वाजताना ऐकू येतात.

२८/२८
म्हणून तबकडी हे साधनही इतर साधनांप्रमाणेच तपासून वाचावे लागते. कोणाचा करार कोणाशी होता, बाजू किती मिनिटांची होती, नाव कोणाचे छापले, कोणत्या वर्षी स्टुडिओ बंद होता, हे ठाऊक नसेल तर जे ध्वनिमुद्रित झाले तेच सारे संगीत, असा समज होतो. ऐकण्याचा क्रम असा ठेवता येईल : 'मोटन स्विंग', 'शू शाइन बॉय', 'वन ओ'क्लॉक जम्प', 'ब्लू अँड सेंटिमेंटल', 'लेस्टर लीप्स इन'. पहिल्यांदा एकल वादकांकडे लक्ष द्यावे. दुसऱ्यांदा केवळ फ्रेडी ग्रीन यांच्या गिटारीकडे. ती सहज ऐकू येत नाही. शोधावी लागते.